शेवटच्या मचाणाची ओ

आश्विन सरत आला होता. धान पिवळं पडून माना टाकू लागलं होतं. तलावाच्या पाळीपासून जंगलाच्या काठापर्यंत सोनटोला गावच्या बांध्या, धानाची बांध घातलेली शेतं, उतरत जात, आणि दर चार-पाच बांध्यांमागे एक मचाण उभं होतं. शेवटचं मचाण वच्छलाचं. त्याच्यापलीकडे साग, मोह आणि अस्वलं.

राखणीचा एक नियम या गावात होता. तो कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. सकाळी पोपटांचे थवे उतरायच्या वेळी एकदा आणि ऊन डोक्यावर आलं की पुन्हा एकदा, पाळीजवळच्या मचाणावरून हाक सुटायची. 'जागा हायेस का?' पुढच्यानं 'जागा हावो' म्हणून ओ द्यायची आणि आपल्या पुढच्याला विचारायचं. अशी ती हाक जंगलाशी जाऊन थांबायची. ज्याची ओ आली नाही त्याच्याकडे हातातलं टाकून धावत जायचं. तो घोरत पडलेला निघाला तर त्याला पुढची दिवाळी येईपर्यंत चिडवायचं, पण जायचंच.

वच्छला गोफणीत मातीचा गोळा भरत होती, तेवढ्यात शेजारच्या मचाणावरून मुखरूची हाक आली.

"वैनी, जागी हायेस का?"

तिनं ओ दिली नाही. गोफण फिरवली, गोळा सोडला. एक थवा कलकलाट करत उठला आणि मुखरूच्या बांधीत जाऊन बसला. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. थोड्या वेळानं पाळीजवळून म्हाताऱ्या दादाजीची हाक आली. मधल्या मुखरूला ओलांडून, त्याच्या डोक्यावरून, थेट तिला. त्या हाकेला तिनं घसा ताणून ओ दिली.

हे असं यंदाच्या राखणीला रोज चाललं होतं. मागच्या साली याच मचाणाखाली तिचा नवरा लटारू मेलेला सापडला. पहाटेच्या दहिवरानं लाकूड निसरडं झालं होतं, पाय सटकला आणि तो पाठीवर पडला. संध्याकाळी सोबत घरी जायला म्हणून बोलवायला आलेल्या मुखरूनंच त्याला पाहिलं. न्याहारीच्या फडक्याची गाठ सुटलेली नव्हती, म्हणजे पडला तो तोंड उजाडतानाच. पण जीव लगेच गेला नव्हता. हात पोचतील तेवढ्या जागेतलं गवत त्यानं उपटून काढलं होतं. दोन्ही मुठी गवतानं भरलेल्या होत्या. दुपारची भाकर घेऊन वच्छला एरवी रोज जायची. नेमकी त्या दिवशी ती दुसऱ्याच्या बांधीत कापणीला गेली होती.

मुखरू म्हणाला होता की मी सकाळी हाक दिली, दुपारी दिली, दोन्ही खेपेला लटारूची ओ आली. कोण विश्वास ठेवणार? पाठ मोडून पडलेला माणूस चार-पाच बांध्यांपलीकडे ऐकू जाईल अशी ओ देतो होय? हा झोपला असणार, नाहीतर मोहाची पिऊन पडला असणार. वच्छलानं सगळ्या गावादेखत नवऱ्याच्या मुठीतलं गवत काढून मुखरूच्या छातीवर फेकलं होतं आणि त्याला खोटा म्हटलं होतं. मग दादाजीनं सांगितलं, ज्यानं हाक चुकवली त्याच्या हाकेला आता कुणी ओ देऊ नये. गावानं ते ऐकलं, आणि गाव एकदा ऐकायला लागलं की जास्तच ऐकतं. त्याच्या धानाच्या चुरणीला, मळणीला, कुणी बैल दिले नाहीत. त्याच्या पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. मुखरू वर्षभरात वाकला. पण नियमाप्रमाणे हाक देणं त्यानं सोडलं नव्हतं. त्याची वेळ आली की तो हाक द्यायचा आणि ओ न घेता खाली बसायचा.

ऊन कलल्यावर वच्छला घरी आली तर ओसरीवर हिरवी पिसं पडलेली. पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं. राघू कुडावरून चढून आढ्याच्या वाशाला चिकटून बसला होता, शेपटीची चार पिसं गायब, आणि खाली मांजर तोंड चाटत होतं. सासू भागीरथा दोन हातांच्या अंतरावर बसून चिंचा फोडत होती.

"दार कोनं उघडलं, आत्याबाई?"

"मले का मालूम," म्हातारी म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

वच्छलाला सगळं कळलं. राघू लटारूचा. सागाचं झाड पाडताना ढोलीतून पडलेलं पिल्लू त्यानं खोपीत आणलं, पिठाच्या गोळ्या करून जगवलं. पडताना त्याचा उजवा पंख वाकडा झाला तो तसाच राहिला. मागची सगळी राखण तो लटारूबरोबर मचाणावर होता. पिंजरा खुंटीला टांगून लटारू त्याच्याशी दिवसभर बोलत बसायचा. म्हाताऱ्या आईच्या मनानं घेतलं होतं की या पाखराला घेऊन माझा पोरगा चढला आणि मरून उतरला. ती त्याचा पिंजरा भिंतीकडे तोंड करून ठेवायची, पाणी द्यायला विसरायची. राघूही घरात आल्यापासून मुका झाला होता. छातीची पिसं स्वतःच उपटून त्यानं कातडी लाल करून घेतली होती. आणि आता वच्छलाला दिवसभर मचाणावर राहणं भाग होतं. आज शेपटी गेली, उद्या मान जाईल. धान कापून होईपर्यंत हे पाखरू या घरात जगत नव्हतं.

त्याला चांगलं घर पाहून देणं, एवढं एकच काम लटारूनं मागे ठेवलंय असं तिला वाटायला लागलं.

आधी ती गावच्या जुन्या जमीनदाराकडे, गुणवंतरावांकडे गेली. मालगुजारी जाऊन चार वर्षं झाली होती, पण अंगणात माणूस उभं ठेवायची सवय काही सरकारनं काढून नेली नव्हती. ती अर्धी घटका उन्हात उभी राहिली. मग गुणवंतराव दारात आले, पान थुंकले आणि म्हणाले, ठेवून जा, पाहुण्यांना रामराम म्हणायला शिकवू. कुठं ठेवाल म्हणून तिनं विचारलं तर गड्यानं जागा दाखवली. कुत्रा बांधायच्या खुंट्याशेजारी पितळी दांडी होती आणि तिच्यावर पायात अडकवायची साखळी. या आधीचा पोपट कुठं गेला, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण गड्याचं तोंड बघून तिनं ते गिळलं. घरी विचारून येते असं सांगून तिनं पिंजरा उचलला. घरी विचारायला कोण होतं हे गुणवंतरावांनाही माहीत होतं, आणि ते हसले.

मग पोचू गोंड भेटला, बांबू तोडून परतत होता. त्याचं म्हणणं, पाखरू रानाचं, रानात सोड. हेही करून पाहिलं तिनं. मोहाच्या फांदीवर राघूला बसवलं आणि लांब जाऊन उभी राहिली. जंगली पोपट आले. त्यांनी त्याला पाहिलं, हुंगल्यासारखं केलं आणि चोची मारायला सुरुवात केली. राघू फांदीवरून घसरत, गडगडत खाली आला आणि गवतातून चालत चालत तिच्याकडे निघाला. डोक्यावर रक्त होतं. तिनं त्याला पदरात घेतलं. आपल्यांत परत आलेल्याला असं मारतात हे बघून तिला रडू आलं.

शेवटी नूर मोहम्मद आला. चामोर्शीचा बांगडीवाला, दर दिवाळीच्या तोंडावर गावात यायचा. वच्छलाच्या हातात आता बांगडी भरायची नव्हती, तरी तो तिच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकला. कोणाला आपण टाळलं असं वाटू नये, एवढी समज त्या माणसाला होती. तिनं त्याला राघूचं विचारलं.

"हमारे घर में था एक, बारा साल जिया," तो म्हणाला. "गया तबसे हमारी बीवी कमरजहाँनं पिंजरा धुवून टांगून ठेवलाय. दूसरा आणू म्हटलं तर नको म्हणते. पण पिंजरा काही काढू देत नाई."

वच्छलानं सतरा गोष्टी विचारल्या. मांजर आहे का? पायात साखळी घालाल का? उन्हात तर ठेवणार नाही? नूर मोहम्मदानं सगळ्यांची नीट उत्तरं दिली, जणू पोरीचं स्थळ बघायला आलेल्यांना देतोय. बाजाराच्या दिवशी घेऊन या, म्हणाला.

बाजाराच्या दिवशी तिनं मचाणावर चुलत दिराला बसवलं, पिंजऱ्यावर लटारूच्या धोतराचं फडकं टाकलं आणि तांबडं फुटता निघाली. तीन कोसांची वाट. सासू दारात आली नाही. पण वच्छला निघताना चुलीपुढून म्हणाली, "मिरच्या घेतल्यास का त्याच्या?" घेतल्या होत्या.

अर्धी वाट सरली तेव्हा ऊन पाठीवर आलं होतं. दुसऱ्या गावच्या बांध्या लागल्या. तिथंही धान उभं होतं, तिथंही मचाणं होती. वाटेला लागून असलेल्या मचाणावरच्या कुणा अनोळखी माणसानं हात तोंडाशी नेला आणि लांबच्या आपल्या सोबत्याला हाक दिली.

"जागा हायेस का?"

"जागा हावो."

ओ आली ती फडक्याखालून. लटारूच्या आवाजात. 'हा' वर थोडं अडखळणं, 'वो' लांबवत नेणं आणि शेवटी किंचित खोकला, सगळं त्याचं. तंबाखूचा खोकला होता त्याचा.

मचाणावरचा माणूस खाली वाकून बघायला लागला. बाईच्या हातातून पुरुषाची ओ कशी आली म्हणून हसलाही. वच्छलानं पिंजरा वाटेवरच टेकवला. तिनं फडकं काढलं. राघू पिसं फुगवून, मान ताणून बांध्यांकडे बघत होता. वर्षभरात इतका ताठ तो बसला नव्हता. घरात त्याला कुणी ही हाक दिली नव्हती. कशाला देईल? घरात जागं असल्याचं कोण कुणाला विचारतं? आणि गाव बांध्यांपासून लांब, तलावाच्या पाळीआड. मागच्या सगळ्या राखणीत दिवसातून दोनदा त्यानं मुखरूची हाक ऐकली होती आणि लटारूची ओ ऐकली होती. शिकला होता. लटारू खाली गवत उपटत पडला असताना वरून यानंच ओ दिली होती, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा.

मुखरू खरं बोलला होता.

तिचा हात पिंजऱ्यात गेला तो त्याची मान धरायला, यात काही लपवण्यासारखं नाही. दोन बोटांचं काम होतं. बाजूलाच बोडी होती, लहानसं तळं पाण्यानं भरलेलं, बुडवला असता तरी चाललं असतं. राघूनं तिच्या हाताकडे पाहिलं आणि सवयीनं एक पाय उचलून तिच्या बोटावर ठेवला, मग दुसरा. वाकडा पंख सावरत तो तिच्या मनगटावर येऊन बसला. त्याला काय कळत होतं? मग तिला राघूचा राग आला नाही, स्वतःचा आला. त्या दिवशी मुखरूच्या छातीवर चिकटलेलं गवत तिला दिसायला लागलं. त्यानं ते झटकलं नव्हतं. तसाच उभा राहिला होता.

चामोर्शीला पोचली तेव्हा कमरजहाँ दारातच होती. लहान चणीची, पांढऱ्या केसांची बाई. अंगणात पेरूचं झाड, त्याच्या सावलीत धुतलेला पिंजरा, वाटीत भिजवलेली चण्याची डाळ. तिनं राघूला हात लावला नाही. शेजारी बसली आणि स्वतःच डाळ खायला लागली, एकेक दाणा. थोड्या वेळानं एक दाणा बोटांत धरून ठेवला. राघू तिरका तिरका सरकत आला आणि त्यानं तो घेतला. दुसऱ्याच्या हातून काही घेतलेलं वच्छलानं वर्षात पाहिलं नव्हतं.

याहून चांगलं घर मिळणार नव्हतं. ठेवून उठायचं, एवढंच होतं. तीन कोसांवर राघू कुणाला ओ देईल ते सोनटोल्यात कुणाला कळणार नव्हतं. मुखरू खोटाच राहिला असता आणि वच्छला खरी. हा विचार तिच्या मनात आला आणि घोटभर पाणी पिण्याइतका वेळ थांबलासुद्धा.

"बाई, मी याले दोन दिवसांसाठी वापस नेऊ का?" ती म्हणाली. "एक काम राह्यलं त्याचं."

कमरजहाँनं कारण विचारलं नाही. "ले जाओ. पिंजरा यहीं टंगा है," म्हणाली. उरलेली डाळ तिनं फडक्यात बांधून दिली.

संध्याकाळी वच्छला दादाजीच्या दारात गेली आणि उद्या उजाडताना माझ्या मचाणावर या म्हणाली. म्हातारा कुरकुरला. कशाला, काय, माझी राखण कोण करेल? या, एवढंच ती म्हणाली. घरी तिनं सासूला मात्र सगळं सांगितलं. भागीरथा चुलीत बघत ऐकत राहिली आणि उठून गेली.

सकाळी दहिवर पडलं होतं. वच्छला जपून चढली, पिंजरा जुन्या खुंटीला टांगला. दादाजी धोतर आवरत खाली उभा राहिला. आणि बांधावरून काठी टेकत भागीरथाही आली. वर्षभरात तिनं या शेतात पाऊल ठेवलं नव्हतं. मचाणाखालच्या त्या जागेपासून चार हात लांब ती बसली.

पहिला थवा उतरला तशी मुखरूची हाक आली. हल्ली त्याची हाक बारीक झाली होती.

"वैनी, जागी हायेस का?"

राघूनं मान वळवली. चोच उघडली, मिटली. बोलला नाही. मुखरू एकदाच विचारायचा, ओ मिळणार नाही हे धरूनच. दादाजीनं वर पाहिलं, आता काय म्हणून. तिला दुसरं काही सुचलं नाही. ती उठून उभी राहिली आणि तिनं हात तोंडाशी नेला.

"मुखरूभाऊ, जागा हायेस का?"

वर्षभर त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग आवाज आला, फाटका, पण सगळा जोर लावून.

"जागा हावो! वैनी, तू जागी हायेस का?"

"जागा हावो," लटारू म्हणाला, आणि शेवटी किंचित खोकला.

खाली भागीरथाच्या हातातली काठी पडली. दादाजी आधी मचाणाकडे, मग मागं जंगलाकडे, मग पिंजऱ्याकडे बघत राहिला. तिकडून मुखरू धावत येत होता. बांधावरून नाही, सरळ धानातून. उभं पीक तुडवत माणूस धावतो असं त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. तो मचाणाखाली येऊन थांबला, गुडघ्यापर्यंत चिखल, समोरच्यानं भ्यावं असा चेहरा. वच्छला पिंजरा घेऊन खाली उतरली आणि त्याच्यासमोर धरला.

"हा होता," ती म्हणाली. "मी तुले खोटा म्हनलं, भाऊ. साऱ्या गावादेखत म्हनलं."

मुखरू पिंजऱ्याकडे बघत होता. त्याला राग यायला हवा होता. तो आला नाही.

"म्हंजे माह्ये कान चांगले हायेत," तो म्हणाला. "मले वाटे मी येडा होऊन राह्यलो."

आणि तो तिथंच खाली बसून रडायला लागला, मोठ्यानं, लाज सोडून. दादाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढं केला. पण त्याला ते जमलं नाही. राखणीला उशीर होतो असं काहीतरी पुटपुटत म्हातारा बांधावरून निघून गेला.

भागीरथा उठली. पिंजऱ्याशी येऊन तिनं आपला सुरकुतलेला गाल गजांना लावला आणि वाट पाहिली. राघू बोलला नाही. त्याला हाक लागत होती आणि ती हाक आईनं द्यायची नव्हती.

"ने त्याले," ती वच्छलाला म्हणाली. "आजच ने. अजून एकदा ऐकलं तर मी त्याले जाऊ देनार नाई."

"मीच नेऊन देतो," मुखरू म्हणाला.

वच्छलानं पिंजरा त्याच्या हातात दिला. मग सांगत बसली: चामोर्शीला नूर मोहम्मदाचं घर विचार, फडकं अर्ध्याहून जास्त ओढू नको, ऊन चढलं की सावलीत थांब, मिरची बीसकट दे, तिथं बाई डाळ देईल तर मधे बोलू नको. मुखरू प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. तो जंगलाच्या कडेनं वाटेला लागला. बांध्यांमधून कुणाला दिसणार नाही असा तो गेला.

ऊन डोक्यावर आलं. वच्छला मचाणावर होती, खुंटी रिकामी होती. तेवढ्यात पाळीजवळून दादाजीची हाक सुटली. आज ती कुणाच्या डोक्यावरून आली नाही.

"मुखरू, जागा हायेस का?"

मधल्या मचाणावर कुणी नव्हतं. दादाजीनं पुन्हा विचारलं, आवाज चढवून. तिसऱ्यांदा विचारलं. मग वच्छलाला दिसलं, म्हातारा मचाणावरून घाईघाईनं उतरला, धोतर दोन्ही हातांनी वर धरलं आणि बांधावरून पळत सुटला. सत्तरीचा माणूस, एकदा घसरला, हात टेकून उठला, पुन्हा पळाला.

मुखरूभाऊ चामोर्शीले गेला, एवढं ओरडून सांगितलं असतं की तो थांबला असता. वच्छलाचा हात तोंडापर्यंत गेला. तिनं तो खाली घेतला. मागच्या साली या वेळेला कुणी असं पळालं नव्हतं. पळू दे, तिनं ठरवलं. आणि तो मुखरूच्या मचाणाच्या बुडाशी पोचेपर्यंत ती डोळे पुसत बघत राहिली. मग तिनं हाक दिली, "मुखरूभाऊ चामोर्शीले गेला, दादाजी!"